नवी गाडी घेताना: कोटेशनमधल्या कुठल्या ओळीवर भाव करायचा?

प्रीतिसंगम (८ फेब्रुवारी २०२६, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. मी कराडला शाळेत शिक्षक आहे. घरात २०१४ सालची छोटी पेट्रोल गाडी आहे, ती आता बदलायची ठरवली आहे. आईची इच्छा आहे की नवी गाडी पाडव्याला दारात यावी. यंदा पाडवा १९ मार्चला आहे, म्हणजे हातात सव्वा महिना आहे.

गाडीचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर चर्चा 'ही का, ती का घेत नाही' यावर जाईल. चार मीटरच्या आतली, ११९७ सीसीची पेट्रोल, मॅन्युअल गियरची गाडी आहे. मॉडेल पक्कं आहे, प्रश्न फक्त पैशाचा आहे. काल शोरूममधून हे कोटेशन मिळालं:

एक्स-शोरूम ९,८४,०००
आरटीओ १,१६,५००
विमा ५२,४००
वाढीव वॉरंटी १८,९००
बेसिक ॲक्सेसरी किट २२,५००
हँडलिंग ८,५००
फास्टॅग ६००
सूट वजा २५,०००
एकूण ११,७८,४००

मी एक तास घासाघीस केली. सूट ३० हजारांपर्यंत न्यायला तयार झाले, पण त्यापुढे 'सर, आमच्या हातात काही नाही' असं म्हणाले. जुन्या गाडीचे १,३५,००० आणि वर एक्स्चेंज बोनस २०,००० देतो म्हणतात. कर्ज ८ लाखांचं हवंय. त्यावर 'महिना तेरा हजारांच्या आत बसवून देतो' असं सांगितलं.

माझ्या घरात पहिल्यांदाच एवढी मोठी खरेदी होतेय. नेमकं कशावर बोलायचं, ते कृपया सांगा.

वैनतेय (८ फेब्रुवारी, रात्री १०.१५)

हँडलिंगचे ८,५०० पहिल्यांदा खोडा. गाडी शोरूममध्ये आणून तुम्हाला विकणं हाच त्यांचा धंदा आहे, त्याचे वेगळे पैसे कसले? 'हे कुठल्या नियमाने घेता ते लेखी द्या' एवढं मॅनेजरला शांतपणे म्हणालात की ती ओळ जाते. माझ्या दोन्ही गाड्यांच्या वेळी गेली.

माजी_सेल्सवाला (८ फेब्रुवारी, रात्री ११.३०)

सर, मी सात वर्षं एका शोरूममध्ये विक्रीला होतो. आता ते काम सोडलंय, म्हणून मोकळेपणाने लिहितो. आणि एक विनंती आधीच करतो. समोर बसलेल्या पोरावर आवाज चढवू नका. त्याचा पगार तुटपुंजा असतो आणि महिन्याच्या टार्गेटवर त्याचं घर चालतं. तो तुमच्या बाजूने उभा राहिला तर आत जाऊन मॅनेजरशी तोच भांडतो.

तुम्ही तासभर ज्या ओळीवर घासाघीस केलीत ती सगळ्यात कोरडी ओळ आहे. सूट बहुतेक कंपनीकडून येते, त्यात डीलर स्वतःच्या खिशातून थोडंच घालू शकतो. एक्स-शोरूम, म्हणजे नोंदणी आणि विम्याआधीची किंमत कंपनीची, तिला हात लागत नाही. डीलरची खरी कमाई त्याखालच्या ओळींत आहे, विमा, कर्ज, ॲक्सेसरी आणि जुनी गाडी. म्हणून गिऱ्हाईक 'अजून पाच हजार सोडा' म्हणालं की आम्ही खुशीने सोडायचो, कारण विम्यात पंधरा हजार आलेले असायचे. तेव्हा 'सूट किती' हा प्रश्नच सोडून द्या. 'चावी हातात येईपर्यंत माझ्या खिशातून एकूण किती जाणार' एवढंच विचारा.

आरटीओ: महाराष्ट्रात वैयक्तिक पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांपर्यंत १२ टक्के आणि त्यावर १३ टक्के कर आहे. डिझेलला प्रत्येक टप्प्यावर दोन टक्के जास्त. तुमच्या ९,८४,००० वर ११ टक्के म्हणजे १,०८,२४०. त्यावर नोंदणी फी ६००, कर्ज असेल तर बोजा चढवायचे १,५००, स्मार्ट कार्ड २०० आणि किरकोळ आकार. तुम्हाला १,१६,५०० लावलेत. वाद घालू नका, फक्त सांगा की 'वाहन पोर्टलवरची सरकारी पावती जेवढ्याची येईल तेवढेच देणार'. आता नव्या गाडीचं पासिंग शोरूममधूनच ऑनलाइन होतं, तपासणीला गाडी आरटीओत न्यावी लागत नाही. त्यामुळे 'एजंटचा खर्च' हे कारणही उरलेलं नाही.

नंबरप्लेटचे पैसे वेगळे मागितले तर देऊ नका. १ एप्रिल २०१९ नंतर बनलेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट गाडीबरोबरच येते.

ॲक्सेसरी किट: मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर, बॉडी कव्हर आणि एक परफ्युमची बाटली. यातलं गरजेचं बाहेरून तीन-चार हजारांत होतं. 'किट घेतल्याशिवाय गाडी मिळणार नाही' म्हणाले तर ते लेखी मागा. कोणी देत नाही.

वाढीव वॉरंटी: ही कंपनीचीच असेल, डीलरची स्वतःची नसेल, तर वस्तू चांगली आहे. पण पहिल्याच दिवशी घ्यायची सक्ती नसते. मूळ वॉरंटी संपायच्या आत घेता येते, उशिरा घेतली की थोडी महाग पडते एवढंच. टर्बो किंवा ऑटोमॅटिक असती तर मी लगेच घ्या म्हणालो असतो.

विम्यावर इथले बाकीचे लिहितीलच.

रानवारा (९ फेब्रुवारी, सकाळी ७.५०)

वरच्या टप्प्यांवरून एक सांगायचं राहिलं. वरचं व्हेरियंट घ्यायचा मोह झाला आणि किंमत १० लाखांच्या पुढे गेली तर पूर्ण किंमतीवर १२ टक्के लागतात, फक्त वरच्या रकमेवर नाही. ९.८४ लाखांवर कर १,०८,२४० येतो, १०.२० लाखांवर १,२२,४००. म्हणजे ३६ हजारांच्या फरकासाठी आणखी १४,१६० कर. शिवाय १० लाखांवरच्या गाडीला डीलर एक टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच वसूल होणारा आयकर) घेतो, १०,२०० रुपये. हे बुडत नाहीत. आयकर खात्याकडे तुमच्या नावावर जमा दिसतात आणि विवरणपत्र भरताना वळते करून घेता येतात. पण त्या दिवशी खिशातून जातातच, आणि कित्येक जण परत मागायचं विसरतात.

अबोली (९ फेब्रुवारी, दुपारी १२.२०)

मी बँकेत कर्ज विभागात होते, गेल्या वर्षी निवृत्त झाले. 'महिना तेरा हजारांच्या आत' हे वाक्य वाचून मला राहवलं नाही.

हप्ता कमी दिसतो तो मुदत लांबवल्यामुळे. ८ लाखांना ९ टक्के दराने पाच वर्षांचा हप्ता साधारण १६,६०० येतो आणि एकूण व्याज १,९६,००० च्या आसपास जातं. तेच कर्ज सात वर्षांवर नेलं की हप्ता १२,८७० होतो. हेच तुमचं 'तेरा हजारांच्या आत'. पण व्याज २,८१,००० वर जातं. गाडी तीच, दर तोच, ८५ हजार जास्त. तुम्ही शोरूममध्ये तासभर बसून पाच हजार मिळवलेत आणि या एका वाक्यात त्याच्या सतरा पट घालवत होतात. रागावू नका, शिक्षक आहात म्हणून हिशोबाच्या भाषेत लिहिलं.

दुसरं, दर फ्लॅट आहे (शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर व्याज) की घटत्या शिलकीवर (फक्त फेडायच्या उरलेल्या रकमेवर), ते विचारा. 'आमचा फक्त पाच टक्के फ्लॅट' हे ऐकायला स्वस्त वाटतं. ८ लाखांवर पाच टक्के फ्लॅटने पाच वर्षांचं व्याज होतं २ लाख. बँकेच्या ९ टक्क्यांचं वर दिलंय, १,९६,०००. म्हणजे पाच टक्के फ्लॅट हा नऊ टक्क्यांपेक्षा किंचित महागच. मी नोकरीत असताना असे कागद घेऊन आलेली माणसं रोज पाहिली आहेत. त्यात उच्चशिक्षित लोकही होते.

१ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने किरकोळ कर्जांना मुख्य तथ्य विवरण देणं बंधनकारक केलंय. त्यात प्रक्रिया शुल्क, विम्याचा हप्ता वगैरे सगळं धरून वार्षिक दर एका आकड्यात लिहिलेला असतो. सही करण्याआधी तो कागद मागा आणि दोन बँकांचे तेच आकडे शेजारी ठेवा. कर्जाबरोबर जीवन विमा चिकटवला असेल तर तोही तिथेच दिसतो. मुदतीआधी फेडायचा विचार असेल तर दर बदलता आहे की स्थिर ते पाहा. वैयक्तिक बदलत्या दराच्या कर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही, स्थिर दराला लागू शकतो.

तुमचा पगार ज्या बँकेत जमा होतो तिथे आधी जा. शोरूममध्ये जाताना मंजुरीपत्र खिशात असू द्या, मग कर्जाच्या ओळीवर तुम्हाला कोणी काही विकू शकत नाही.

प्रीतिसंगम (९ फेब्रुवारी, रात्री ८.०५)

अबोलीताई, रागावण्याचा प्रश्नच नाही. तुमचा हिशोब वहीत उतरवून बायकोला दाखवला. आम्ही पाच वर्षांच्या वर जायचं नाही असं ठरवलं. उद्या बँकेत जातो.

माजी सेल्सवाले दादा, तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

विम्याबद्दल कोणी सांगेल का? शोरूममधला मुलगा म्हणतो की बाहेरून विमा घेतला तर कॅशलेस मिळणार नाही, म्हणजे दुरुस्तीचे पैसे आधी मलाच भरावे लागतील.

वैनतेय (९ फेब्रुवारी, रात्री ८.४०)

असं काही नसतं. कॅशलेस हे विमा कंपनीचा त्या वर्कशॉपशी करार आहे का यावर ठरतं, पॉलिसी कुठून घेतली यावर नाही. तुमच्या गावातल्या वर्कशॉपची नावं विमा कंपनीच्या यादीत आहेत का ते बघा आणि असतील त्याच कंपनीची पॉलिसी घ्या.

नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) विमा एकदम घ्यावाच लागतो, सप्टेंबर २०१८ पासून तसा नियम आहे. त्याचा दर सरकारने ठरवलेला आहे. १००० ते १५०० सीसीला तीन वर्षांचे १०,६४० अधिक जीएसटी. यात कुठलीच कंपनी कमी-जास्त करू शकत नाही. म्हणजे ५२,४०० मधला बाकीचा सगळा भाग ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा) आणि जोडकव्हरचा, आणि भाव होतो तो तिथेच.

तुलना करताना आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, सारखा ठेवा. नव्या गाडीला तो एक्स-शोरूमच्या ९५ टक्के असतो, तुमच्या बाबतीत ९,३४,८००. काही ठिकाणी आयडीव्ही गुपचूप खाली आणून हप्ता स्वस्त दाखवतात. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा तुमच्याकडे आधीच वेगळा असेल तर तोही पुन्हा घ्यायची गरज नाही.

आणि सर, जुन्या गाडीवर पाच वर्षांत क्लेम घेतलाय का?

प्रीतिसंगम (९ फेब्रुवारी, रात्री ८.५५)

एकदाही नाही. पॉलिसीवर ५० टक्के एनसीबी लिहिलेलं आहे.

वैनतेय (९ फेब्रुवारी, रात्री ९.१०)

मग हे शोरूमने तुम्हाला विचारायला हवं होतं! नो क्लेम बोनस (एनसीबी), म्हणजे क्लेम न घेतल्याची सूट, गाडीचा नसतो, माणसाचा असतो. जुनी गाडी विकलीत की विमा कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्या, ते तीन वर्षं चालतं. नव्या गाडीच्या ओन डॅमेजच्या हप्त्यावर सरळ ५० टक्के कमी. थर्ड पार्टीवर नाही, पण ओन डॅमेज हाच मोठा भाग असतो.

मनमोकळा (१० फेब्रुवारी, सकाळी ९.३०)

सगळे शोरूमच्या विम्यावर तुटून पडलेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी सांगलीचा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात माझी गाडी छतापर्यंत पाण्यात होती. पॉलिसी शोरूममधून घेतलेली. पाणी उतरल्यावर गावात दिवे नव्हते, फोन लागत नव्हता. त्या अवस्थेत शोरूमच्या विमा विभागातली बाई रोज फोन करून सर्व्हेअरच्या मागे लागायची. गाडी टोटल लॉस धरून पैसे मिळाले. त्या वर्षी घरातलं सगळं गेलं होतं, त्या पैशांनी आम्ही उभे राहिलो. जास्त भरलेले आठ-दहा हजार मला कधीच टोचले नाहीत.

विमा बाहेरून घ्या, हरकत नाही. पण क्लेमच्या वेळी धावपळ स्वतः करायची तयारी ठेवा. आणि कृष्णाकाठच्या माणसाने स्वस्तात मिळतंय म्हणून इंजिन प्रोटेक्ट कव्हर काढून टाकू नये. पाण्यात बुडालेली गाडी कोणीतरी घाईने चालू करतो, इंजिनात पाणी शिरतं आणि साध्या पॉलिसीत ते नुकसान नाकारतात. आमच्या गल्लीत तिघांचं झालं. गाडी बुडाली तर चावी फिरवायची नाही, टो करूनच न्यायची.

वैनतेय (१० फेब्रुवारी, सकाळी ९.५०)

मनमोकळा, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. झिरो डेप्रिसिएशन (क्लेममध्ये सुट्या भागांची घट न कापणारं कव्हर) आणि इंजिन प्रोटेक्ट दोन्ही ठेवूनच तुलना करा.

गोदाकाठ_ते_न्यूजर्सी (१० फेब्रुवारी, दुपारी १.१५)

मागच्या वर्षी आई-बाबांसाठी नाशिकला गाडी घेतली, मी इथे आणि ते तिथे. इथे गाडी घेताना आम्ही चार-पाच डीलरना एकच ईमेल पाठवतो की सगळे कर आणि फी धरून शेवटचा आकडा सांगा. तेच नाशिकला व्हॉट्सॲपवर केलं. तीन शोरूमना मॉडेल, व्हेरियंट, रंग लिहून विचारलं, 'विमा आणि ॲक्सेसरीशिवाय ऑन-रोड किती?' एकाने 'शोरूमला या, मग बोलू' एवढंच लिहिलं. दोघांनी आकडे दिले, त्यांत १९ हजारांचा फरक. कमी आकड्याचा मेसेज दुसऱ्याला पाठवला तर तो त्याच्याही खाली आला. बाबा फक्त टेस्ट ड्राइव्हला आणि सहीला गेले. समोरासमोर बसलं की बाबांना नाही म्हणता येत नाही. मेसेजमध्ये ती अडचण आली नाही.

कराडहून सांगली, कोल्हापूर, सातारा तिन्ही जवळ आहेत. राज्यात कर सारखाच, त्यामुळे दुसऱ्या जिल्ह्यातून घेण्यात कराचं नुकसान नाही.

उसाचा_मळा (१० फेब्रुवारी, रात्री ९.००)

आमच्याकडं उसाचं बिल आलं की गाडी घ्यायची पद्धत, आणि निम्मी माणसं रोकड घेऊन जातात. दोन गोष्टी सांगतो. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्यावर रोख घेता येत नाही, आयकर कायद्याने तशी मनाई आहे. दंड घेणाऱ्याला, पण अडकतं तुमचंही काम.

दुसरी आमच्या घरची. चुलतभावाने बुकिंगचे २१ हजार सेल्समनच्या स्वतःच्या फोनवर पाठवले. महिन्याने तो पोरगा काम सोडून गेला, शोरूम म्हणालं आमच्याकडं जमाच नाही. भावाची ती दिवाळी तशीच गेली. पैसे फक्त कंपनीच्या नावाच्या खात्यावर, आणि पावतीवर शिक्का हवा. बुकिंग रद्द केलं तर किती परत, हेही पावतीवर लिहून घ्या.

प्रीतिसंगम (१६ फेब्रुवारी, रात्री १०.००)

बरंच काही घडलं, सविस्तर लिहितो.

बँकेची मंजुरी आली. चार शोरूमना मेसेज केले, तिघांचे आकडे आले. त्यातल्या एकाने वेगळाच प्रस्ताव ठेवला. त्यांच्या यार्डात हाच रंग, हेच व्हेरियंट, पण नोव्हेंबर २०२५ ची बनावट आहे. ती घेतली तर ४० हजार जास्त सूट. शिक्षक म्हणून आणखी ५ हजार. म्हणजे २५ + ४० + ५, एकूण ७० हजार. मन दोन्हीकडे ओढतंय. कागदावर गाडी एक वर्ष जुनी दिसणार. घ्यावी का?

माजी_सेल्सवाला (१६ फेब्रुवारी, रात्री १०.४०)

तुम्ही गाडी किती वर्षं ठेवता यावर आहे. तुमची आधीची २०१४ ची अजून दारात आहे. दहा वर्षांनी विकताना २०२५ की २०२६ याने फार फरक पडत नाही. तीन-चार वर्षांनी बदलणारा असता तर मी नको म्हणालो असतो, कारण जुन्या बाजारात वर्ष पहिलं विचारतात.

आता हा भाव त्यांना का परवडतो ते बघा. उभ्या गाडीवर डीलरला रोज व्याज बसतं. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी बदलला, चार मीटरच्या आतल्या १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर २८ टक्के आणि उपकर जाऊन १८ टक्के झाला. घटस्थापनेचाच दिवस होता तो. पितृपक्षात थांबलेली आणि दर उतरायची वाट बघणारी सगळी गर्दी एकदम आली. दिवाळीनंतर मागणी उतरली आणि डिसेंबरअखेर यार्डात राहिलेल्या गाड्या आता जड झाल्यात. तुमची गाडी त्यातलीच. मी तर म्हणतो, ४० च्या ऐवजी ४५ मागून बघा.

एक मात्र नीट ऐका. ऑफर महिन्याची असते आणि बिल होईल त्या दिवशीची लागू होते, बुकिंगच्या दिवशीची नाही. तुम्हाला गाडी पाडव्याला हवी म्हणजे बिल मार्चमध्ये होणार. 'हीच सूट मार्चच्या बिलाला राहील' असं मॅनेजरच्या सहीने लिहून घ्या, चॅसिस नंबर टाकून. नंबर नसेल तर ऐन वेळी दुसरीच गाडी पुढे करतात.

पाडवा, दसरा, धनत्रयोदशीच्या आठवड्यात भाव करायला जाऊ नका. तेव्हा एका पोराकडे दिवसाला आठ-दहा डिलिव्हरी असतात. भाव आत्ता पक्का करा, पाडव्याला फक्त पूजा आणि चावी.

चाकणचा_फिटर (१७ फेब्रुवारी, सकाळी ६.४५)

मी गाड्यांच्या कारखान्यात असेंब्लीला आहे. तीन महिने यार्डात उभी राहिलेली गाडी वाईट नसते, पण बघून घ्यावी लागते. आणि बघायची ती पासिंगच्या आधी. एकदा तुमच्या नावावर नंबर पडला की 'ही नको, दुसरी द्या' म्हणता येत नाही. पूर्ण पैसेही तोपर्यंत भरू नका.

दिवसा उन्हात जा, आणि गाडी धुवू नका म्हणून आधी सांगा. ओल्या गाडीवर ओरखडे दिसत नाहीत. चॅसिस नंबर गाडीवर कोरलेला वाचा आणि कागदाशी जुळवा. विक्री प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २१, त्यात बनावटीचा महिना-वर्ष असतो. बॉनेट आणि फेंडरच्या बोल्टवर पान्याची खूण आहे का बघा. कारखान्यातून रंग होऊन आलेल्या बोल्टच्या कडा अखंड असतात. रंग उडालेला दिसला तर पॅनल काढलेलं असू शकतं, म्हणजे वाटेत कुठेतरी लागलेलं असेल, विचारा.

टायरवर चार आकडे असतात. ३५२५ म्हणजे २०२५ सालचा ३५वा आठवडा. पाचही टायर बघा, स्टेपनी विसरू नका. सगळ्या काचांवर सालाची खूण एकच हवी. एखादी वेगळी असेल तर ती बदललेली असू शकते. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, नवी मागा किंवा तपासून घ्या. यार्डात उंदीर वायरी कुरतडतात, बॉनेटखाली आणि डॅशबोर्डच्या पायाजवळ टॉर्च मारून बघा. ब्रेक डिस्कवर हलका गंज आला तर घाबरू नका, चालवल्यावर जातो. मीटरवर किलोमीटर किती ते फोटो काढून ठेवा. चाव्या दोन हव्यात.

अबोली (१७ फेब्रुवारी, सकाळी ११.००)

आणि जुन्या गाडीचं काय ठरलं?

प्रीतिसंगम (१७ फेब्रुवारी, रात्री ८.२०)

शोरूमचं बोनससह १,५५,००० होतंय. शाळेतल्या एका सहकाऱ्याला मुलीला शिकवायला गाडी हवी आहे, ते १,६८,००० द्यायला तयार आहेत. घरचाच माणूस आहे म्हणून कागद नंतर करू म्हणतात.

अबोली (१७ फेब्रुवारी, रात्री ८.४५)

नाही. कागद आधी. माणूस कितीही घरचा असो. नोंदणीत ज्याचं नाव असतं तोच मालक आणि अपघाताच्या भरपाईला तोच जबाबदार, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. शिकणारी मुलगी गाडी चालवणार आहे. उद्या कुणाला लागलं तर नोटीस तुमच्या घरी येईल, आणि त्या सहकाऱ्यांशी असलेले संबंधही जातील. मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० भरून, विमा त्यांच्या नावावर करून मगच चावी द्या.

शोरूमला देणार असाल तरी हेच. एप्रिल २०२३ पासून अधिकृत वाहन विक्रेत्याला गाडी सोपवल्याची नोंद फॉर्म २९सी ने पोर्टलवर करता येते. त्या नोंदीनंतर जबाबदारी विक्रेत्याकडे जाते. ती पावती मागितल्याशिवाय गाडी सोडून येऊ नका.

प्रीतिसंगम (२२ मार्च, संध्याकाळी ६.३०)

उशिरा लिहितोय, माफ करा. परीक्षांचं काम होतं. गाडी पाडव्याला सकाळी साडेसातला घरी आली. गुढी उभारून झाली होती, आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला.

आकडे देतो, कुणाला उपयोगी पडतील.

एक्स-शोरूम ९,८४,०००, त्यातून सूट ७०,०००. ४५ मागितले होते, ४० वरच थांबले. कर आणि नोंदणी सरकारी पावतीप्रमाणे १,१३,०००. विमा बाहेरून २९,३००, आयडीव्ही ९,३४,८००, झिरो डेप्रिसिएशन आणि इंजिन प्रोटेक्ट धरून, ५० टक्के एनसीबी वळवून. फास्टॅग ६००. हँडलिंग शून्य. किट घेतलं नाही. एकूण १०,५६,९००.

पहिलं कोटेशन ११,७८,४०० चं होतं. फरक १,२१,५०० दिसतो, पण त्यात वाढीव वॉरंटीचे १८,९०० आहेत. ते वाचले नाहीत, मी पुढे ढकललेत. मॅट आणि मडफ्लॅपला बाहेर ३,२०० लागले. ते दोन्ही वजा केले तर ९९,४००. त्यातले ४० हजार २०२५ च्या बनावटीचे आहेत, हेही लक्षात असू द्या.

चाकणच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे ११ मार्चला दुपारी यार्डात गेलो. चार टायर एकाच महिन्यातले, स्टेपनी मात्र आठ महिने आधीची निघाली. मॅनेजरने कुरकुर न करता बदलून दिली. बॅटरी उतरलेली होती, नवी बसवून घेतली. डाव्या मागच्या दारावर नखाएवढा ओरखडा होता, तो पॉलिशने गेला. सेल्सचा मुलगा माझ्याबरोबर टॉर्च धरून दीड तास उन्हात उभा होता. पाडव्याला त्याला घरी पुरणपोळीला बोलावलं. संध्याकाळी सातला आला, त्याच्या दिवसभरात अकरा डिलिव्हरी झाल्या होत्या.

मनमोकळा, विमा घेताना तुमची गोष्ट बायकोने आठवण करून दिली. इंजिन प्रोटेक्टला दीड हजार जास्त गेले, एका मिनिटात हो म्हणालो.

मनमोकळा (२२ मार्च, रात्री ७.१०)

अभिनंदन सर. आईंना नमस्कार सांगा.

अबोली (२२ मार्च, रात्री ७.४०)

मनापासून अभिनंदन. जुनी गाडी कुणाकडे गेली? नाव बदललं का?

प्रीतिसंगम (२२ मार्च, रात्री ८.००)

सहकाऱ्यांनाच दिली. तुमचा प्रतिसाद त्यांना वाचून दाखवला, त्यांनाही पटला. फॉर्म भरले, विमा त्यांच्या नावावर झाला, मग चावी दिली. परिवहन ॲपवर रोज बघत होतो. आज दुपारी नाव बदललेलं दिसलं.